‘का गेले?’ आणि ‘कसे मेले?’ : आंद्रे-मोहिमेचे वाङ्मयीन उत्तरायुष्य

यशस्वी साहसाची नोंद इतिहास घेतो. फसलेल्या साहसाची नोंद घेण्याचे काम बहुधा वाङ्मयाकडे येते. जो पोचला त्याच्याविषयी विचारण्यासारखे फारसे उरत नाही. जो वाटेत पडला त्याच्याविषयीचे प्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहतात. उत्तर ध्रुवाकडे बलूनमधून निघालेल्या तिघा स्वीडिश प्रवाशांची कथा हे याचे ठळक उदाहरण होय. १८९७ मध्ये हे तिघे नाहीसे झाले. १९३० मध्ये त्यांचे अवशेष सापडले. त्यानंतर कुतूहल शमावयास हवे होते; प्रत्यक्षात ते तेव्हापासूनच वाढीस लागले. पेर ऊलोफ सुंडमन याची कादंबरी १९६७ मध्ये आली, यान त्रोएल याचा चित्रपट १९८२ मध्ये, अमेरिकन संगीतकार डॉमिनिक अर्जेंटो याची गीतमालिका १९८३ मध्ये आणि बेआ उस्मा हिचे पुस्तक २०१३ मध्ये. या दीर्घ परंपरेतील दोन टोके म्हणजे सुंडमनची कादंबरी आणि उस्माचे पुस्तक. एका अर्थाने दोन्ही कृती एकाच शवाभोवती बसलेल्या आहेत. परंतु त्यांनी विचारलेले प्रश्न एक नव्हेत. या प्रश्नांतील अंतर हे केवळ दोन लेखकांच्या प्रकृतीतील अंतर नाही. गेल्या अर्धशतकात वाचकाच्या नैतिक जिज्ञासेत जे स्थित्यंतर घडले त्याचे ते निदर्शक आहे.

प्रथम घटना ध्यानात घ्यावयास हवी. सालोमोन आउगुस्त आंद्रे हा स्वीडनच्या पेटंट कचेरीतील मुख्य इंजिनिअर. १८९५ मध्ये त्याने तेथील विज्ञान अकादमीपुढे आपली योजना मांडली. हायड्रोजन वायूने भरलेला रेशमी बलून घ्यावयाचा, तो तीस दिवस तरंगत राहील असा बांधावयाचा आणि वाऱ्याबरोबर ध्रुवावरून पलीकडे जावयाचे. बलून वाऱ्याच्या स्वाधीन असतो, त्याला दिशा देता येत नाही, या आक्षेपाला आंद्रेजवळ उत्तर होते. बलूनखाली जड दोरखंड लोंबत सोडावयाचे. ते बर्फावरून घासत गेले की बलूनची गती वाऱ्याहून कमी होईल आणि मग शिडांच्या साहाय्याने त्याला वळविता येईल. या योजनेस राजा दुसरा ऑस्कर आणि आल्फ्रेड नोबेल यांनी पैसा दिला. १८९६ मध्ये सारी सिद्धता झाली, पण अनुकूल वारा न आल्यामुळे मंडळी परत फिरली. त्या परतीच्या वेळी मोहिमेतील हवामानशास्त्रज्ञ निल्स एकहोल्म याने मोहीम सोडली. बलूनच्या शिवणीतून वायू गळतो आहे, हे त्याने मोजून पाहिले होते. एवढेच नव्हे, तर गळती झाकण्यासाठी आंद्रे बलूनमध्ये गुपचूप जादा वायू भरवून घेत होता, ही गोष्टही त्याला कळून आली. एकहोल्मच्या जागी क्नुट फ्रेंकेल हा सत्तावीस वर्षांचा तरुण इंजिनिअर आला. तिसरा सोबती निल्स स्ट्रिंडबर्ग. वय चोवीस, छायाचित्रणात निष्णात आणि आना शार्लियेर या तरुणीशी नुकताच वाङ्निश्चय झालेला.

११ जुलै १८९७ रोजी स्पिट्सबर्गेननजीकच्या डेन्स बेटावरून बलून उडाला. त्याचे नाव ‘गरुड’. पहिल्या काही मिनिटांतच तो पाण्याला टेकला आणि ज्यांच्यावर सारी मदार होती त्या दोरखंडांचा बराचसा भाग गळून पडला. म्हणजे दिशा देण्याचे साधन उड्डाणाबरोबरच संपले. पुढे साडेपासष्ट तास हा गरुड कधी उडत, कधी बर्फावर आपटत, खरडत गेला आणि १४ जुलै रोजी कायमचा खाली आला. ध्रुव अजून सुमारे सात अंश दूर होता. त्यानंतर तिघांनी जड घसरगाड्या ओढीत, सरकत्या बर्फावरून सुमारे अडीच महिने वाटचाल केली. ज्या दिशेला चालावे तिच्या उलट दिशेला पायाखालचा बर्फ वाहत नेई. ४ सप्टेंबरला स्ट्रिंडबर्गचा पंचविसावा वाढदिवस आला, तेव्हा त्या दिवसासाठी जपून ठेवलेली आनाची पत्रे आंद्रेने त्याच्या हाती दिली. १८ सप्टेंबरला राजाच्या राज्यारोहणाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त मेजवानी झाली. ऑक्टोबरच्या प्रारंभी ते श्वेतबेट या उजाड, हिमाच्छादित बेटावर पोचले. काही दिवसांतच दैनंदिनी थांबते.

तेहेतीस वर्षांनी, ६ ऑगस्ट १९३० रोजी, ‘ब्रात्व्होग’ या नॉर्वेच्या जहाजावरील लोकांना हा शेवटचा मुक्काम सापडला. देह, दैनंदिन्या, उपकरणे आणि मुख्य म्हणजे उघडलेल्या पण न धुतलेल्या फिल्मा. स्टॉकहोममध्ये योन हर्ट्झबर्ग याने त्या फिल्मांतून नव्वदाहून अधिक चित्रे वर आणली. कुशीवर पडलेला बलून आणि त्याच्याकडे पाहत उभे असलेले दोघे जण, हे चित्र ज्याने एकदा पाहिले तो ते विसरू शकत नाही. चित्र काढणारा तिसरा. पाहणारा आणि पाहिला गेलेला, दोघेही मृत. आणि त्यांच्यामधले हे प्रकाशाचे नाते मात्र तेहेतीस वर्षे बर्फात अभंग राहिलेले. मोहिमेविषयीच्या आधुनिक वेडाचे मूळ पुष्कळ अंशी या चित्रांत आहे. ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही त्याचे वेड लागत नसते. ज्याच्याविषयी जवळजवळ सारे ठाऊक आहे आणि नेमके शेवटचे पानच गहाळ आहे, त्याचेच वेड लागते.

या सामग्रीकडे सुंडमन कादंबरीकार म्हणून वळला तेव्हा त्याने केलेली निवड मोठी अर्थपूर्ण आहे. आंद्रेची दैनंदिनी उपलब्ध होती. स्ट्रिंडबर्गने वाग्दत्त वधूला उद्देशून लिहिलेला मजकूर होता, त्याची चित्रे होती. फ्रेंकेलने मागे ठेवल्या होत्या प्रामुख्याने हवामानाच्या नोंदी. सुंडमनने निवेदन दिले ते या फ्रेंकेलला. ज्याचा अंतरंगाविषयीचा शब्द जगाजवळ नाही त्याच्या तोंडी त्याने कथा घातली. त्यामुळे दस्तऐवजाशी इमान राखूनही कादंबरीला स्वतःची जागा मिळाली. शिवाय फ्रेंकेल हा एकहोल्मच्या जागी आलेला मनुष्य. जो माघारी फिरला त्याच्या रिकाम्या जागेतून ही कथा सांगितली जाते. जाणाऱ्याला ती जागा का रिकामी झाली हे समजून घेणे अशक्य नव्हते. आणि तरीही तो गेला.

कादंबरीचे नाव ‘इंजिनिअर आंद्रे यांचे हवाई उड्डाण’ अशा अर्थाचे आहे. एखाद्या कचेरीच्या अहवालाला शोभावे असे हे नाव. आणि भाषाही तशीच. वजने, मापे, वाऱ्याची दिशा, अन्नाचे वाटप, पायातील जोड्यांची अवस्था. भावनेचा उच्चार टाळण्याची सुंडमनची ही पद्धती कोणाला रूक्ष वाटण्याचा संभव आहे. पण ती रूक्षता म्हणजे अनुभूतीचा अभाव नव्हे. आंद्रेची सारी भ्रांती ही मोजमापाच्या भाषेत बोलणारी भ्रांती होती. घनमीटर, अंश आणि ताशी वेग यांच्या आधाराने त्याने एका अशक्य गोष्टीला शक्यतेचे रूप दिले. त्याच भाषेत कथा सांगून सुंडमन वाचकाला दाखवितो की आकडे खोटे बोलत नसले तरी आकड्यांच्या आड मनुष्य खोटे बोलू शकतो. अलिप्त शैली येथे अलंकार नसून निदान आहे. १९६८ मध्ये या कादंबरीस नॉर्डिक परिषदेचे वाङ्मयीन पारितोषिक लाभले. त्याच वर्षी सुंडमनने मूळ कागदपत्रांचा एक संकलनग्रंथही वेगळा प्रसिद्ध केला. पुरावा आणि कलाकृती यांची गल्लत होऊ नये, याविषयी तो किती दक्ष होता याचे हे प्रत्यंतर होय.

सुंडमनचा प्रश्न एका शब्दात सांगता येतो : हे का गेले? बलून गळतो हे ठाऊक असता आंद्रे का थांबला नाही? राजाने पैसा दिला, वृत्तपत्रांनी चरित्रे छापली, बंदरावर गर्दी लोटली. १८९६ मध्ये एकदा परत आलेला मनुष्य दुसऱ्यांदा परत येऊ शकत नाही, अशी परिस्थिती निर्माण झाली. आंद्रे हा ढोंगी नव्हता आणि वीरही नव्हता. स्वतःच्या शब्दाने बांधला गेलेला तो एक सभ्य मनुष्य होता. त्याने असत्याचा आश्रय केला तो लाभासाठी नव्हे, तर लाज टाळण्यासाठी. आणि त्या लाजेची किंमत त्याच्याबरोबर दोन तरुणांनी दिली. या शोकांतिकेत दैव नाही. आहे ती केवळ माघार घेण्याची असमर्थता.

आता उस्माचे पुस्तक पाहावे. नाव ‘मोहीम’, उपशीर्षक ‘माझी प्रेमकथा’. या दोन शीर्षकांत शेहेचाळीस वर्षांचे अंतर सामावलेले आहे. सुंडमनच्या शीर्षकात आंद्रेचा व्यवसाय होता. येथे लेखिकेचे सर्वनाम आहे. उस्मा ही मूळची चित्रकार आणि पुढे वैद्यकाकडे वळलेली. एका कंटाळवाण्या मेजवानीत यजमानांच्या कपाटातील पुस्तक तिने सहज उघडले आणि त्या मोहिमेने तिला जे झपाटले ते पुढे कित्येक वर्षे सोडले नाही. दैनंदिन्यांतील उतारे, वस्तूंच्या याद्या, तक्ते, छायाचित्रे, नकाशे आणि स्वतःच्या ध्यासाची हकीकत यांच्या मिश्रणातून हे पुस्तक उभे राहते. श्वेतबेटावर पोचण्यासाठी तिने केलेली धडपड हाही त्यातील एक विषय आहे. स्वीडनमध्ये त्यास त्या वर्षीचे ललितेतर वाङ्मयाचे आउगुस्त पारितोषिक मिळाले. इंग्रजी अनुवादामुळे ते सुंडमनच्या कादंबरीप्रमाणेच भारतीय वाचकाच्याही आवाक्यात आले आहे.

उस्माचा प्रश्न : हे कसे मेले? प्रश्न अगदी रास्त आहे. अन्न होते, इंधन होते, बंदुका व दारूगोळा होता, गरम कपडे होते, औषधांची पेटी होती. असे असता बेटावर पाय ठेवल्यावर थोड्याच दिवसांत तिघेही का संपले? स्ट्रिंडबर्गचा देह खडकाच्या कपारीत दगडांखाली पुरलेला आढळला. म्हणजे तो प्रथम मेला आणि त्याला पुरण्याइतके त्राण उरलेल्यांत होते. पण आंद्रेच्या दैनंदिनीत त्याच्या मृत्यूचा उच्चार नाही. १९३० मध्ये राष्ट्राने त्यांना वीरोचित सन्मानाने स्वीकारले आणि देहांची कसून वैद्यकीय तपासणी न करताच दहन केले. १९५२ मध्ये डॅनिश वैद्य एर्न्स्ट त्रुदे याने अस्वलाच्या कच्च्या मांसातील कृमींमुळे मृत्यू ओढवला असे प्रतिपादन केले आणि ते पुष्कळ काळ ग्राह्य मानले गेले. उस्मा ते अमान्य करते. कारणांची यादी समोर ठेवून ती एकेक कारण खोडत जाते आणि निदान स्ट्रिंडबर्गच्या बाबतीत तरी पांढऱ्या अस्वलाच्या हल्ल्याच्या तर्काशी येऊन थांबते.

या पुस्तकाचे गुण नाकारणे हा अन्याय होईल. पहिला गुण असा की, लेखिकेने आपल्या वेडाला शास्त्रीय तटस्थतेचा बुरखा पांघरलेला नाही. ध्यासाला ध्यास म्हणण्याचे धैर्य तिच्याजवळ आहे. दुसरा गुण अधिक मोलाचा. पौरुषाच्या कथेत ज्यांना स्थान नव्हते त्यांना तिने स्थान दिले. आना शार्लियेर हिने पुढे एका इंग्रज गृहस्थाशी विवाह केला, दूर देशी संसार केला. परंतु १९४९ मध्ये ती निवर्तल्यावर तिच्या इच्छेनुसार तिचे हृदय वेगळे काढून स्टॉकहोम येथे स्ट्रिंडबर्गच्या अस्थींपाशी ठेवण्यात आले. सुंडमनच्या कोरड्या हिमप्रदेशात या हृदयाला जागा नव्हती. उस्मा ती देते आणि वाचकाला जाणवते की मोहिमेची व्याप्ती बर्फापुरती नव्हती; ती एका स्त्रीच्या बावन्न वर्षांवर पसरलेली होती.

परंतु येथेच एक शंका उपस्थित होते. ‘कसे मेले?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर कोणतेही असो, ते मृतांना निष्पाप करून सोडते. कृमीला हेतू नसतो, अस्वलाला विवेक नसतो, थंडीला दोष देता येत नाही. मृत्यूचे कारण शेवटच्या आठवड्यात शोधू लागले की त्याआधीच्या दोन वर्षांचा विसर पडतो. श्वेतबेटावर काय घडले हे कोडे आहे, हे खरे. पण डेन्स बेटावर काय घडले हे कोडे नाही. गळती मोजलेली होती, दोरखंड गळालेले होते, एकजण बजावून निघून गेला होता. ज्याला मृत्यूचे खरे कारण म्हणावे ते उघड्यावर पडलेले असता वाचकवर्ग तंबूच्या अवशेषांत ते शोधीत बसतो. वैद्यकीय जिज्ञासेने नैतिक जिज्ञासेची जागा घेतली आहे. आणि ही अदलाबदल इतक्या ममतेने घडली आहे की ती कोणाच्या ध्यानातही येत नाही.

भारतीय वाचकाला या संदर्भात महाप्रस्थानिक पर्वाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. तेथेही उत्तर दिशा आहे, हिमालय आहे आणि एकामागून एक पडणारी माणसे आहेत. द्रौपदी पडते, सहदेव पडतो, नकुल पडतो, अर्जुन पडतो. आणि प्रत्येक वेळी भीम विचारतो, हा का पडला? शेवटी स्वतः पडल्यावरही तो तेच विचारतो. युधिष्ठिर एकाही उत्तरात थंडीचे किंवा थकव्याचे नाव घेत नाही. तो स्वभावाचे नाव घेतो : पक्षपात, ज्ञानाचा अभिमान, रूपाचा अभिमान, शौर्याची प्रौढी, बळाचा गर्व. ही उत्तरे कठोर आहेत. प्रियजनांच्या देहाकडे वळूनही न पाहता ती दिली जातात, हे तर अधिकच कठोर. आधुनिक मनाला ते सहन होत नाही आणि ते साहजिक आहे. तथापि व्यासाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : मनुष्य जेथे पडतो तेथे त्याच्या पडण्याचे कारण नसते, ते फार मागे असते. भीमाच्या ‘का’ला ‘कसे’चे उत्तर दिले असते तर पर्व उरले नसते, केवळ प्रवासवृत्त उरले असते. सुंडमन आपल्या परीने युधिष्ठिराच्या वाटेने जातो. उस्मा मागे वळून पाहते, वाकते, पडलेल्याचा हात हाती घेते. दयेच्या दृष्टीने उस्मा श्रेष्ठ. न्यायाच्या दृष्टीने मात्र सुंडमनकडे यावे लागते. दया आणि न्याय यांचा संगम साधणारी कृती या विषयावर अद्याप लिहिली जावयाची आहे.

ती का लिहिली गेली नाही, याचे उत्तर कदाचित एकहोल्मच्या उपेक्षेत सापडेल. या संपूर्ण कथेत बरोबर ठरलेला मनुष्य तो एकटा. त्याने मोजले, सांगितले आणि प्रामाणिकपणे बाजूस झाला. तो १९२३ पर्यंत जगला. आपले म्हणणे किती खरे होते याचा बर्फातून निघालेला पुरावा पाहण्यास तो उरला नाही. त्याच्यावर कोणी प्रेमकथा लिहिलेली नाही. या वाङ्मयात त्याचे स्थान दुय्यम पात्राचे. तो प्रवेश करतो, आक्षेप घेतो आणि रंगभूमीवरून निघून जातो, म्हणजे फ्रेंकेलला जागा मोकळी होते. माघारी फिरणाऱ्याचे धैर्य हा वाङ्मयाला अवघड जाणारा विषय आहे, कारण त्यात दृश्य नाही. परंतु वाङ्मयाची ही अडचण निरुपद्रवी नाही. १८९७ मध्ये डेन्स बेटाकडे आणि स्टॉकहोमच्या वृत्तपत्रांकडे डोळे लावून बसलेल्या लोकांनाही दृश्यच हवे होते. आंद्रेला परत फिरणे अशक्य झाले ते या डोळ्यांमुळे. मृत्यूच्या कारणांची यादी करावयाची तर तिच्यात अस्वल, कृमी आणि थंडी यांच्याबरोबर पाहणाऱ्यांच्या उत्कंठेचेही नाव घालावे लागेल.

आणि या ठिकाणी आधुनिक वाचकाचा स्वतःशी संबंध येतो. श्वेतबेटावरील खिळा अन् खिळा मोजणारा, ग्रेना येथील संग्रहालयात त्या वस्तूंपुढे स्तब्ध उभा राहणारा, ती छायाचित्रे पुनःपुन्हा न्याहाळणारा हा वाचक बंदरावरील त्या गर्दीचाच वारस आहे. एका पिढीने तिघांना निरोप दिला. पुढच्या पिढ्या त्यांच्या शेवटाचे रहस्य जपत बसल्या. दोन्हीकडे उत्कंठा एकच, केवळ तिने शोकाचे वस्त्र परिधान केले आहे. उस्माच्या प्रांजळपणामुळे ही गोष्ट निदान दिसू तरी लागते. आपल्या वेडाचे मोल काय, हा प्रश्न तिच्या पुस्तकाच्या कडेकडेने वावरतो. सुंडमनने तो मध्यभागी ठेवला होता. त्याचा निवेदक स्वतः त्या गर्दीतून उठून बलूनमध्ये चढलेला मनुष्य आहे. त्याला कोणी फसविले असे म्हणता येत नाही, कारण फसविले जाण्याची त्याची इच्छा होती.

म्हणून या दोन कृती परस्परांविना अपुऱ्या आहेत असे म्हणावयास हवे. उस्माच्या पुस्तकाने झपाटलेल्या वाचकाने सुंडमनची कादंबरी अवश्य वाचावी. तिच्यात शेवटचे पान सापडणार नाही. तिच्यात सापडेल ते पहिले पान. गहाळ झाले ते शेवटचे, असे सर्वांनी गृहीत धरले. वस्तुतः वाचावयाचे राहून गेले आहे ते पहिलेच.